रंगाचा रकाना

सकवारबाईंचं खरं काम सकाळी अकराच्या आत. जे. पी. नगरच्या खनिज प्रयोगशाळेत पूर्वेच्या खिडकीशी बसायचं, खाणींतून आलेले स्फॅलेराइटचे, म्हणजे जस्ताच्या खनिजाचे, तुकडे उजेडात धरायचे आणि वहीत रंगाचा रकाना भरून खाली सही करायची. मधासारखा, काकवीसारखा, कोऱ्या कॉफीसारखा. बावीस वर्षं हेच. नियम एकच: रंग आधी लिहायचा, तुकडा धातूंचं प्रमाण मोजणाऱ्या यंत्राकडे नंतर जायचा. आकडा कळला की डोळे लबाडी करतात, असं जुने साहेब म्हणत.

चौऱ्याण्णव साली आलेले नवे साहेब देवाप्पा बेळगावकडचे. त्यांचा सिद्धांत होता: स्फॅलेराइट जितकं काळं, तितकं त्यात लोखंड जास्त. परिषदेत ते हा निबंध वाचणार होते आणि बढती त्याच्या मागोमाग येणार होती. एकोणचाळीस तुकडे शहाण्यासारखे वागले. चाळिसाव्यानं घात केला. सकवारबाईंनी लिहिलं होतं, 'जुन्या चिंचेसारखा, काळपट लाल'. यंत्र म्हणालं, लोखंड नावापुरतं. तांबं आणि जर्मेनियम तेवढं किंचित आहे.

यंत्र तीनदा चालवलं. ते बधेना, तेव्हा साहेब खिडकीपाशी आले.

"सकवारअक्का, हा स्वल्प फिकट नाही वाटत?"

"नाही, साहेब."

"वयानं नजर मंदावते की. तुमची काय चूक त्यात?"

मग त्यांनी सगळ्या ऑफिसला तुकडा दाखवला. टायपिस्ट शिवलीलाला तो साहेबांच्या तोंडाकडे बघून फिकट दिसला. हेडक्लार्क कल्लाप्पांनी चष्मा लावायच्या आधीच मान डोलावली. सकवारबाईंना निरोप मिळाला: उद्या शब्द बदला, नाहीतर खिडकी सोडून तळघरात चाळण्या धुवायला जा.

के. आर. पुरमच्या घरी नवऱ्याचं, रघुजींचं म्हणणं पडलं की लिहून टाकावं, दगड काही तक्रार करायला येत नाही.

"माझा शर्ट कुठल्या रंगाचा ते तुला चोवीस वर्षांत कळलं नाही. दगडाचा बरा दिसतो."

"शर्टाखाली मला सही करावी लागत नाही," त्या म्हणाल्या आणि वांगी चिरायला बसल्या.

सकाळी त्यांनी वही साहेबांपुढे ठेवली. शब्द खुशाल बदला, पण सही तुमची करा, एवढंच सांगितलं. साहेबांनी पेनाचं टोपण काढलं. उद्या कोणी तपासलं तर, हा विचार त्यांच्या चेहऱ्यावर अगदी ठळक दिसला. टोपण परत बसलं.

निबंध एकोणचाळीस तुकड्यांवरच वाचला गेला. टाळ्या पडल्या, बढतीही मिळाली. सकवारबाई तळघरात गेल्या आणि खिडकीशी शिवलीला बसली. काम सोपं व्हावं म्हणून साहेबांनी जाता जाता हुकूम काढला: यापुढे रंगाचा रकाना यंत्राचा आकडा आल्यावरच भरावा.

तेव्हापासून वहीत दोनच रंग आहेत, फिकट आणि गडद, आणि प्रयोगशाळेचा एकही दगड चुकलेला नाही.