किंकाळीची जागा

"पुन्हा हसं करून घ्यायला जायचंय?" नवऱ्याने तिसऱ्यांदा विचारलं. ती कपबशा विसळत राहिली.

सासूबाईंचं म्हणणं त्याहून सरळ होतं. मोठ्या जावेच्या पडद्यांच्या दुकानात गल्ल्यावर माणूस हवं होतं. घरचं माणूस गेलं तर बिघडलं कुठे? नवऱ्याने तर सोमवारपासून ही येईल म्हणून भावाला कळवूनही टाकलं होतं.

"मला न विचारता शब्द दिलात?"

"तुझा कुठे, माझाच दिला."

"मग पाळा तुम्हीच."

सासूबाईंनी खोकल्याचं निमित्त करून तोंड फिरवलं.

ती डबिंगवाली, त्यातही किंकाळीवाली. मुखवटेवाला सुरा घेऊन मागून आला की पडद्यावर तोंड नटीचं असे आणि आवाज हिचा. चपला काढून, पोटाला टॉवेल घट्ट बांधून ती माइकसमोर उभी राही आणि पहिल्याच फटक्यात असं ओरडे, की काचेपलीकडचा ध्वनिमुद्रक रोजचा असूनही दचके. गल्लीत तिचं नाव किंकाळीमावशी पडलं होतं.

पुढे या सुरेवाल्या सिनेमांना उतरती कळा लागली. तेच एकाकी घर, तीच गेलेली वीज आणि "कोण आहे?" म्हणत तळघरात उतरणारी तीच शहाणी मुलगी. लोकांना सगळं पाठ झालं. शेवटच्या सिनेमाला ती नवऱ्याला हौसेने घेऊन गेली, तर तिची किंकाळी उठताच अख्खं थिएटर खो खो हसलं. मागच्या रांगेतून कुणीतरी नक्कलही केली. त्यानंतर ती लहान मुलांच्या कार्टूनमध्ये मांजरी म्हणून म्याव म्याव करत दिवस काढत होती.

आणि आज, इतक्या दिवसांनी, तिने किंकाळी दिलेल्या नव्या सिनेमाचा दुपारचा पहिला खेळ होता. लोक पुन्हा हसले, तर गल्ला काही चुकत नव्हता.

त्यात रेकॉर्डिंगलाच तिने घोळ घातला होता. मुलीचा हात कपाटाच्या मुठीकडे गेला आणि हिने सवयीने किंकाळी ठोकून दिली. पडद्यावरची मुलगी मात्र ओरडलीच नव्हती. सिनेमात नेमकं इथेच ओरडतात, म्हणून आपण कपाट उघडणारच नाही, असं ती मैत्रिणीला सांगत होती. हिला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पण दिग्दर्शिका, वयाने हिच्या भाचीएवढी, म्हणाली, "राहू दे, मावशी. मैत्रीण पाठमोरी आहे, तिच्या तोंडी घालू. ती चेष्टेने ओरडते. या मुलींनीही असले सिनेमे पाहिलेत ना."

"मग खरी किंकाळी कुठे?"

"त्यांचं शहाणपण संपेल तिथे."

शेवटी नवरा कुरकुरत का होईना, बरोबर आला. कपाट आलं, चेष्टेची किंकाळी झाली आणि थिएटर हसलं. नवऱ्याने मान खाली घातली.

"थांबा जरा," ती पुटपुटली.

पडद्यावरच्या मुली सगळे नियम पाळत होत्या. एकटं जायचं नाही, जिना चढायचा नाही, तळघराचं तर नावच नको. दारं लावून त्या लख्ख उजेडाच्या स्वयंपाकघरात बसल्या. लोक त्यांच्या हुशारीला दाद देत हसत होते. तेवढ्यात ती चेष्टेखोर मैत्रीण वळली. सुरा तिच्याच हातात होता. तिलाही सगळे नियम पाठ होते.

किंकाळी उठली. कुणी हसलं नाही. पॉपकॉर्नची कुरकुर थांबली, पुढच्या रांगेतल्या एका धिप्पाड माणसाने पाय खुर्चीवर ओढून घेतले, आणि नवऱ्याच्या घशातून बारीक चीं निघाली. आपण हसतोय, हे तिला नंतर कळलं.

बाहेर दिग्दर्शिकेने गाठलं. असल्या सिनेमांना पुन्हा निर्माते मिळू लागले होते. पुढच्या सिनेमाचं डबिंग सोमवारीच सुरू होत होतं, आणि किंकाळी हिचीच हवी होती.

घरी सासूबाई दारातच होत्या. "हसले का गं?"

"हसले. हसवायचं होतं तिथेच."

नवरा आईला सगळी गोष्ट हातवारे करत सांगू लागला. स्वतःची चीं तेवढी गाळली. त्याचं संपेपर्यंत ती पाणी पिऊन आली.

"मी दुकानात बसणार नाही," ती म्हणाली. "सोमवारपासून स्टुडिओत जातेय. भावोजींना आजच कळवा."