सगळे आल्यावर निघू

मिलिंददादा गेल्याचा फोन आला तेव्हा मी त्यांच्यावर चिडलेलोच होतो. सकाळीच त्यांचा मेसेज आला होता, ‘नितीन, बुकिंगचं थोडं थांबू या का?’ आणि मी बॉनच्या ऑफिसात बसून त्यांना लांबलचक, तिखट उत्तर टाइप करत होतो. आमची दोन कुटुंबं मिळून गाड्यांनी युरोप पाहायचा, हे आठ वर्षं नुसतं ठरत होतं. खाली ऑस्ट्रिया, स्लोव्हेनिया, क्रोएशिया, मग इटली, येताना स्वित्झर्लंड आणि फ्रान्स. रस्ते मला पाठ झाले होते, पाहिलेला मात्र त्यातला एखादाच होता. उत्तर अर्ध्यावर आलं आणि वहिनींचा फोन वाजला. ‘‘भाऊजी, हे गेले हो... प्रयोगशाळेत, खुर्चीतच.’’ ते अर्धवट उत्तर अजून माझ्या फोनमध्ये तसंच आहे. पुसवत नाही आणि वाचवतही नाही.

दादा नागपूरचे. डार्मश्टाटच्या एका औषध कंपनीत संशोधक, माझ्याहून दहा-बारा वर्षांनी मोठे. मी पुण्याचा, सॉफ्टवेअरवाला, आणि वाट पाहणं हा प्रकार मला जन्मापासून जमलेला नाही. आमची ओळख झाली फ्रँकफर्टमधल्या भीमजयंतीच्या कार्यक्रमात. मी जर्मनीत नवा होतो, एका सहकाऱ्याबरोबर गेलो होतो. हॉलची किल्ली दादांकडे होती. शेवटच्या माणसाला स्टेशनपर्यंत कुणाची तरी गाडी मिळेपर्यंत त्यांनी हॉलला कुलूप लावलं नाही. तो शेवटचा माणूस मीच होतो. तेव्हा मला हे फार आवडलं होतं. हाच गुण पुढे इतकी वर्षं माझं डोकं खाणार आहे, याची तेव्हा काय कल्पना.

प्रवासाचा त्यांचा नियम एकच, सगळे आल्यावर निघू. आता आम्ही बॉनचे, ते डार्मश्टाटचे. दोन वेगळी राज्यं, त्यामुळे शाळांच्या सुट्ट्याही वेगळ्या. आमच्या अद्वैतच्या फेरिएन सुरू व्हायच्या तेव्हा त्यांच्या यशूची शाळा चालू, आणि तिची सुट्टी ऐन भरात यायची तेव्हा आमच्याकडे दप्तर भरायची वेळ. ज्या वर्षी सुट्ट्या बऱ्यापैकी जुळल्या, त्या वर्षी माझ्या बाबांना व्हिसाची अपॉइंटमेंट मिळाली नाही. पुढच्या वर्षी बाबा आले, तर वहिनींना रजा नाही. ‘‘दादा, जे आहेत ते जाऊ ना,’’ मी म्हणायचो. ‘‘गेनाऊ, तुझं बरोबर आहे,’’ ते म्हणायचे, ‘‘पण थोडं थांबू.’’ समोरच्याचं बरोबर आहे म्हणून आपलंच खरं करणाऱ्या माणसाशी भांडणार तरी कसं?

त्यांच्याकडे एक डाखबॉक्स होता, गाडीच्या टपावर बसवायची लांबुळकी पेटी. एका शेजाऱ्याने गाडी विकली तेव्हा दादांनी ही पेटी मागून घेतली होती. दर उन्हाळ्यात ती केलरमधून, म्हणजे तळघरातून, वर यायची. एकट्याने उचलण्यातली ती नव्हे. पुढचं टोक माझं, मागचं दादांचं, आणि तेवढ्यासाठी मी बॉनहून दोन तास गाडी हाकत जायचो. मी विचारायचो, ‘‘उचलू?’’ ते हमखास म्हणायचे, ‘‘थांब जरा. सगळे खाली आले का?’’ पेटी चढवताना घरातलं झाडून सगळं माणूस गाडीपाशी हजर लागायचं, जणू गाडी त्याच क्षणी सुटणार होती. मग बेत फिसकटायचा आणि उन्हाळा संपता संपता पेटी परत तळघरात जायची. युरोपातला एकही देश तिने पाहिला नाही. एकदाच तिने पराक्रम केला, तोही पार्कहाउसमध्ये. ती टपावर आहे हे विसरून दादा आत शिरले आणि उंचीच्या आडव्या दांडीखाली अडकून बसले. मागे गाड्यांची रांग, हॉर्न. दादा खाली उतरून रांगेतल्या एकेका गाडीपाशी जाऊन माफी मागत होते आणि मी आत दातओठ खात बसलो होतो.

एका वर्षी माझा धीर सुटला. मी, माझी बायको रश्मी आणि अद्वैत सरळ निघालो आणि स्लोव्हेनियात एका तळ्याकाठी पोहोचलो. दादा रागावले असते तर बरं झालं असतं. ते रोज संध्याकाळी फोन करायचे, तेही कौतुकाने. रस्ता कसा आहे, बाबांना उतरायला पायऱ्या फार आहेत का, सात माणसं एकत्र बसतील असं टेबल कुठे दिसतं का... समोर एवढं देखणं तळं, आणि मी आपला टेबलं पाहत फिरतोय. परतताना रश्मी म्हणाली, ‘‘आपण सहलीला आलो होतो की दादांच्या वतीने पाहणीला?’’ तळ्याचं पाणी कुठल्या रंगाचं होतं ते मला आज सांगता यायचं नाही. टेबल मात्र आठवतं.

परत आल्यावर वैतागून मी त्यांना विचारलंच, की हा हट्ट कशासाठी. ते हसले. जर्मनीतल्या त्यांच्या पहिल्या वर्षी ऑफिसची सहल होती. दादा स्टॉपवर पोहोचले तेव्हा बस वळणावर पाठमोरी दिसत होती. दोन मिनिटांचा उशीर. दुसऱ्या दिवशी सगळ्यांनी समजावलं, इथे वेळ म्हणजे वेळ. ‘‘त्यांचं काही चुकलं नाही बापा,’’ दादा म्हणाले, ‘‘पण बसमध्ये जागा होती...’’ आणि ते चहा गाळायला उठले. माझ्या मनात आलंच, की एका चुकलेल्या बसची भरपाई आम्ही सगळ्यांनी किती वर्षं करायची?

यंदा सगळं जुळलं होतं. बाबांचा व्हिसा झाला, वहिनींची रजा मंजूर झाली, सुट्ट्यांचे तीन आठवडे एकावर एक आले. आणि त्या सकाळी तो मेसेज. कारण काय, तर सचिन. बाड हॉम्बुर्गला नुकताच नोकरीला आलेला मुलगा, मी त्याला जेमतेम एकदा भेटलेलो. त्याच्या बायकोचा व्हिसा अडकला होता. दादांनी लिहिलं होतं, ‘दोघं इथं नवीन आहेत. आमच्या गाडीत जागा आहे. ती येईपर्यंत थांबू.’ म्हणजे आता घरच्यांचंच नव्हे, गावभरच्यांचं जुळायला हवं होतं. आणि कुणाला मागे ठेवायचं नाही म्हणून ज्या माणसाने आम्हाला एवढे उन्हाळे अडवून धरलं, तो त्याच दुपारी एकटा निघून गेला. ना कुणाला विचारलं, ना कुणासाठी थांबला. दुःख होतंच, पण मला अजूनही आधी राग येतो.

पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम त्यांच्या घरीच झाला. त्रिशरण-पंचशील झालं, जेवणं झाली, लोक पांगले. सचिनबरोबर त्याची बायकोही आली होती. तिचा व्हिसा दादा गेल्यावर आठवड्यात आला. मी स्वयंपाकघरात जाऊन वहिनींना म्हटलं, ‘‘बेत रद्द करतो.’’

‘‘कुणाला विचारून?’’

‘‘वहिनी, दादांचंच म्हणणं ना... सगळे, नाहीतर कुणीच नाही.’’

वहिनी भांडी विसळत होत्या. त्यांनी नळ बंद केला. ‘‘दरवर्षी मी लाडू-चिवड्याचे डबे भरले, भाऊजी, आणि दरवर्षी ते घरीच बसून खाल्ले. मी काही बोलले नाही. त्यांच्या नियमाने चाललं तर आता ही यशू जन्मात कुठे जायची नाही.’’ मग ओले हात पुसत म्हणाल्या, ‘‘गाडी मी चालवीन. आणि सचिनला, त्याच्या बायकोला पण विचारा. गाडीत जागा आहे आता.’’ मी तिथूनच सचिनला फोन लावला.

येत्या शनिवारी निघायचं आहे. परवा आम्ही सगळे पेटी चढवायला डार्मश्टाटला गेलो. बाबा काठी टेकत गाडीपाशी उभे राहिले. सचिन मदतीला पुढे झाला, पण मागचं टोक यशूने आधीच धरलं होतं. सतरा वर्षांची पोर, मराठी सगळं कळतं, उत्तर मात्र जर्मनमध्ये. केलरमधून पेटी वर आणेपर्यंत माझ्या हातांना रग लागली. गाडीपाशी आल्यावर मी सवयीने विचारलं, ‘‘उचलू?’’

‘‘वार्टं,’’ ती म्हणाली. ‘‘मामा फेल्ट नॉख.’’

म्हणजे, थांब, आई यायचीय अजून. वर स्वयंपाकघराच्या खिडकीत वहिनी दिसत होत्या, डब्यांची झाकणं लावत होत्या. त्यांना काही घाई दिसत नव्हती. पेटी हातातून निसटायला आली होती. मी नेहमीसारखा चिडलो, आणि थांबलो.