इवायाच्या पायापाशी

"डोळ्यासमोरची जागा मालाची, पायापाशीची झाडूची." धर्मपाल रंगारी हे येताजाता म्हणायचे.

रायपूर राजधानी झालं, शंकर नगरात मोठमोठी दुकानं उघडली, आणि आमच्या पाऱ्यातल्या, म्हणजे मोहल्ल्यातल्या, या धर्मपालभाऊंना एक नवंच काम मिळालं. साबणाची एक कंपनी दुकानदारांना सूट द्यायची. बदल्यात तिचा माल डोळ्याच्या उंचीला, तीन फूट रुंद मांडायचा. तो तसा आहे का, हे भाऊ फीत लावून पाहत. माल चुकीच्या जागी दिसला तर तसं कळवत. दुकानदार मांडणी सुधारे, गोष्ट मिटे. लबाडी सापडली तर मात्र दुकानाची सूट कायमची बंद. दुकान कितीही ओळखीचं असो, भाऊ वाकत, मोजत, मगच बोलत. आम्हा भंडाऱ्याकडच्या लोकांना त्यांचा अभिमान होता.

एकदा समता कॉलोनीतलं एक दुकान त्यांच्या वाट्याला आलं. ते शामरावांचं, म्हणजे भाऊंची मुलगी सरला हिच्या सासऱ्यांचं, भाऊंच्या व्याह्यांचं. लग्नाची हळद अजून ओली होती.

"जयभीम, इवाई!" शामराव गल्ल्यावरून हसले. "पोरीले भेटाले आले, का आमची झडती घ्याले?"

"दोन्ही," भाऊ म्हणाले, आणि त्यांचं हसू ओठांतच राहिलं. समोरच्या फळीवर दुसऱ्याच कंपनीचे डबे होते. साबण खाली, शामरावांच्या पायापाशी, झाडूंना टेकून. तो मोजायचा तर इवायाच्या पायाशी बसावं लागणार, आणि सरला चहा घेऊन आतल्या दारात उभी. मुलीच्या बापाची फीत खिशातून निघाली नाही. त्यांनी उभ्याउभ्या चहा घेतला आणि ऑफिसात जाऊन सांगितलं, "तीन फूट. डोळ्यासमोर."

काही दिवसांनी भाऊंच्या वरच्या अधिकारी, पूर्णिमा मॅडम, भाऊंना घेऊन तपासणीला त्याच दुकानात आल्या. पोरगी मराठी घरातली. समजे मराठी, बोले हिंदी. मी मीठ घ्यायला उभा होतो.

"माल तो नीचे पड़ा है," त्या शामरावांना म्हणाल्या. "नाप होने के बाद हटा दिया? ये तो धोखा है, अंकल. आपकी छूट बंद."

शामरावांनी खरं सांगावं तर इवाई उघडा पडतो. ते नुसते भाऊंकडे पाहत राहिले. आतल्या दारात सरलाही पाहत होती, तिचा रंग उडालेला.

तेव्हा भाऊ खाली बसले. शामरावांच्या पायापाशी, झाडूंच्या मधे. फीत लावली. मान वर न करता म्हणाले, "यायनं काही नाही हटवलं, मॅडम. तवाही माल इथंच होता. मीच वाकलो नाही."

"काहून, इवाई?" शामरावांनी हळूच विचारलं.

"तुमचे पाय होते इथं."

शामरावांनी पाय मागे घेतले, चटका बसल्यासारखे.

मग मॅडम शामरावांना म्हणाल्या, "माल ऊपर लगवा लीजिए." आणि भाऊंपुढे हात केला. "फीता मुझे दे दीजिए, चाचाजी."

भाऊंनी फीत गुंडाळली, एकही पीळ न ठेवता, आणि दिली.

"बाबा, चहा..." सरला म्हणाली.

भाऊंनी तिच्याकडे पाहिलं नाही. पायरी उतरले, आणि उन्हात खाली मान घालून चालू लागले. शामराव त्यांच्यामागे पायरीपर्यंत आले. सरला कप धरून दारात उभीच होती. कोपरा वळेपर्यंत ती दोघं पाहत होती, आणि हातात मीठ घेऊन मीही.