लॅमिनेट केलेली सोडचिठ्ठी

माझं पहिलं लग्न सव्वा वर्ष टिकलं. दुसऱ्याला बावीस वर्षं झाली. पहिलं कायद्यानं अजून चालू आहे आणि दुसरं कधी सुरूच झालं नाही, हे मला गेल्या वर्षी शिरूरला कळलं. सांगणाऱ्या बाईंना ते सांगायला एक मिनिटसुद्धा लागलं नाही.

निमित्त अगदी किरकोळ होतं. आमचे हे दौंडला रेल्वेत. रिटायरमेंट जवळ आली, तसे ऑफिसातून कागद मागायला लागले. त्यात विवाह नोंदणीचा दाखला. आम्ही नोंदणी केलीच नव्हती. आमच्या वेळी कोण करत होतं? नगरपालिकेतून फॉर्म आणला. त्यात एक रकाना होता, लग्नाच्या वेळी वराची आणि वधूची स्थिती काय होती. हे विधुर होते. त्यांच्याकडे पहिल्या बायकोच्या मृत्यूचा दाखला होता. माझ्या रकान्यात ‘घटस्फोटित’ लिहिलं, तर खिडकीतला माणूस म्हणाला, "कोर्टाच्या हुकमाची प्रत जोडा."

मी मोठ्या ऐटीत आमचा कागद पुढे केला. शंभराचा स्टॅम्प, त्यावर टाईप केलेली सोडचिठ्ठी, पाच पंचांच्या सह्या, दोन अंगठे आणि नोटरीचा लालभडक शिक्का. आप्पांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, तो लॅमिनेट करून घेतला होता. माझ्या माहेरी, मांडवगणला, तो सातबाऱ्यांच्या पिशवीत असायचा. खिडकीतल्या माणसानं तो उलटसुलट केला आणि परत दिला. "हे नाही चालत. वकिलाला विचारा."

आमच्याकडे वकिलाकडे विचारायला कोणी जात नाही. भांडायला जातात. बांध कोरला, डोकं फुटलं, मग वकील. लग्न मोडायचं तर चार वडीलधारी माणसं बसवायची. आमचंही तसंच झालं. पहिल्या नवऱ्याचं नि माझं पटत नव्हतं, मारहाण नाही, काही नाही, नुसतं पटत नव्हतं. दोन्हीकडची माणसं शिरूरला कचेरीबाहेर जमली. एका मामांनी रिवाजाप्रमाणे काडी मोडली. टायपिस्टनं कागद केला. मग सगळ्यांनी मिळून मिसळ खाल्ली. आप्पा घरी येऊन म्हणाले होते, "मोकळी झाली पोरगी. पक्कं काम केलं, नोटरी केली."

तर मी विचारायला निघाले. दौंडच्या पहिल्या वकिलांनी माझं वाक्यही पुरं होऊ दिलं नाही. "कागद ठेवून जा, केस बघावी लागेल." मी म्हटलं, "साहेब, केस नाहीये, एक प्रश्न आहे." ते म्हणाले, "प्रश्न असाच नसतो हो, बाई." आठ दिवसांनी गेले, तर ते पुण्याला गेले होते. त्यानंतरही पुण्यालाच होते. दुसऱ्यांनी प्रश्न ऐकला, हसले आणि म्हणाले, "फॉर्मवर अविवाहित लिहा की. कोण बघतंय?" भिंतीवर त्यांची डिग्री, अंगात काळा कोट, आणि मला शपथेवर खोटं लिहायचा सल्ला! माझा आधीच तापट स्वभाव. मी लॅमिनेट केलेला कागद त्यांच्या टेबलावर आपटला, परत उचलला आणि बाहेर पडले.

शेवटी कुणीतरी सांगितलं, शिरूरच्या कोर्टात मोफत सल्ला मिळतो. कागद जिथं झाला तिथंच विचारावं म्हणून मी एस.टी. धरली. तिथल्या वकीलबाई माझ्या मुलीपेक्षा फार तर पाच-सहा वर्षांनी मोठ्या असतील. त्यांनी कागद वाचला. पूर्ण वाचला, मागची सहीसुद्धा.

"कोर्टात अर्ज केला होता का?"

"नाही. पंच होते."

"मग हा घटस्फोट नाही, मावशी. नोटरीनं लग्न मोडत नाही. तुमच्या समाजात असा रिवाज पूर्वीपासून आहे हे कोर्टात सिद्ध केलं तर गोष्ट वेगळी, पण ते अवघड असतं. तोवर तुमचं पहिलंच लग्न कायम आहे."

"आणि दुसरं?"

"ते कायद्यानं झालेलंच नाही."

मी त्यांना वेड्यासारखं सांगत सुटले, की मंगल कार्यालयात झालंय, तीनशे माणूस जेवलंय, रेशनकार्डावर माझं नाव आहे, सासूचं दुखणं मी काढलंय. त्या नुसत्या मान हलवत होत्या. मग म्हणाल्या, मुलीला काही होत नाही, मुलं कायद्यानं औरसच धरतात. उपायही आहे. पहिल्या नवऱ्यासोबत संमतीनं कोर्टातून घटस्फोट घ्यायचा आणि मग आत्ताच्या नवऱ्याशी पुन्हा रीतसर लग्न करायचं. या वयात! मला हसूही येईना आणि रडूही येईना. सगळ्यात जास्त राग कशाचा आला सांगू? उत्तर इतकं सोपं होतं. त्या दिवशी मिसळ खाणाऱ्यांपैकी एकानं जरी समोरचं कोर्टाचं फाटक ओलांडून विचारलं असतं, तर काम झालं असतं. फाटक वीस पावलांवर होतं.

घरी आल्यावर ह्यांना सांगितलं. आधी त्यांना चेष्टा वाटली. मग ते खुर्चीत बसले आणि म्हणाले, "म्हणजे उद्या माझं काही झालं, तर तू माझी कोणीच नाहीस?" मी हो म्हणाले. एवढं साधं हो म्हणायला मला कधी इतका त्रास झाला नव्हता. रात्री दोघंही जेवलो नाही.

पहिल्या नवऱ्याचा नंबर चुलतभावाकडून मिळाला. तो पाबळच्या पुढं राहतो, कांदा करतो, बरं चाललंय असं कळलं होतं. काय बोलायचं ते मी कागदावर लिहून घेतलं, चार वेळा वाचलं आणि फोन लावला. फोन बाईनं उचलला.

"ते मार्केट यार्डात गेल्यात. आपन कोन?"

मी सांगितलं, मी कोण ते. मला वाटलं आता शिव्या येतील. ती म्हणाली, "बोला की, ताई. काय काम हाय?"

कागदावर लिहिलेलं सगळं विसरले. वकीलबाईंनी जसं सांगितलं तसंच सरळ सांगत गेले. तो कागद खरा नाही, कोर्टात जावं लागेल, त्यांची सही लागेल, भांडण काही नाही. ती मधेमधे "व्हय" म्हणत होती. एवढा वेळ मी फक्त माझ्या लग्नाचा विचार करत होते. पलीकडेही एक लग्न आहे, हे तिच्या पुढच्या प्रश्नापर्यंत माझ्या टाळक्यात आलं नव्हतं.

"ताई, मला येऊन अठरा वर्सं झाली. दोन पोरं हायत. मंग ह्यांची बायकू कोन?"

खोटं सांगावं असं एकदा मनात आलं. पण मला स्वतःला खरं उत्तर मिळवायला तीन वकील लागले होते.

"कायद्यानं अजून मीच," मी म्हणाले. "पोरांना काही होत नाही."

मागं कुठंतरी पाण्याची मोटर चालू होती.

"त्या वकीलबाई," ती म्हणाली, "शिरूरला कवा बसत्यात?"

"गुरुवारी. अकरा वाजता."

"तुमी येताल का संगं? मला एकटीला इचारता यायचं न्हाई."

मी हो म्हणाले.