पुट्रीचा वास

अंबरनाथ एमआयडीसीत शिवराम ज्या कंपनीत होता, तिथे पुट्रेसिन बनायचं. ते नाव कुणाच्या तोंडात बसेना म्हणून सगळे कामगार त्याला पुट्री म्हणत. थंडीत ही बया ड्रममध्ये गोठून बसायची, मग ड्रम गरम पाण्यात ठेवून तिची मनधरणी करावी लागे. आणि वास म्हणाल तर कपाटामागे उंदीर मरून आठवडा उलटलेला. शिवराम शेअर रिक्षात चढला की शेजारचा माणूस दुसरी रिक्षा बघायचा.

त्याला स्वतःला मात्र कसलाच वास यायचा नाही. इतक्या वर्षांत नाक मेलं ते मेलंच. डाळ करपून काळी झाली तरी हा शेजारी बसून पेपर वाचतोय. बायको मोतीबाई म्हणायची, "तुमचं नाक फक्त चष्मा टेकवायला." मांजर्लीतल्या त्या दोन खोल्यांत तिचा एकच कडक नियम होता. ड्युटीचे कपडे दाराबाहेरच्या बादलीत, घरात आणायचे नाहीत.

दोन हजार सातच्या उन्हाळ्यात तिनेच तो नियम मोडला. कपडे आतल्या खोलीत, पलंगाच्या उशाशी टांगायला लागली. बाहेरून चोरीला जातात म्हणे. आता असले कपडे कोण चोरणार, सांगा. पण शिवरामने विचारलं नाही. पौर्णिमेला विहारात जाणंही तिने सोडलं, गुडघे दुखतात म्हणाली. तेही त्याने मान्य केलं. सून प्रीती एकदा दबक्या आवाजात म्हणाली, "बाबा, हल्ली कपड्यांचा वास जास्तच येतो हो." तो ओशाळला आणि दोनदा आंघोळ करू लागला.

पावसाळ्यात कंपनी दुरुस्तीसाठी बंद राहिली. कपडे धुऊन घड्या करून ठेवले गेले. वास मात्र तसाच. तेव्हा एका सकाळी प्रीतीने दार लावून घेतलं आणि सासूचा पदर बाजूला केला. बाहेर आली ती भिंतीला टेकून उभी राहिली.

मोतीबाईने छातीतली गाठ अंगावर काढली होती. गाठ फुटली, नासली, आणि तो वास या बाईने नवऱ्याच्या कपड्यांवर ढकलला. डॉक्टर पुरुष असेल, त्याच्यापुढे कसं उघडं व्हायचं, एवढंच तिचं म्हणणं. राग येतो अशा माणसांचा, पण रागवायचं कुणावर? शेजारी झोपणारा एकच माणूस, आणि नेमकं त्याचंच नाक मेलेलं. शिवरामला तर स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावंसं वाटत होतं.

मुंबईच्या मोठ्या दवाखान्यातल्या डॉक्टर मॅडम भल्या होत्या. बायकोला बाहेर बसवून त्याने आधी मनातलं विचारलं. "मॅडम, मी पुट्रेसिनच्या प्लांटला आहे. हे मी तर घरी नाही ना आणलं?"

मॅडमनी पेन खाली ठेवलं. "तुमच्या कपड्यांतून गाठ झाली असं मी म्हणणार नाही, तसं काही माहीत नाही. पण गंमत बघा काका, पुट्रेसिन माझ्या अंगातही आहे, तुमच्याही. प्रत्येक पेशी ते स्वतः बनवते, त्यापासून पुढची आणखी दोन द्रव्यं बनतात. सगळ्यांना मिळून पॉलीअमाइन म्हणतात. त्यांच्याशिवाय पेशी वाढत नाही, एकाची दोन होत नाही. पोटातलं बाळ वाढतं ते त्यांच्यावर, जखम भरते तीही. कॅन्सरची पेशी मात्र ते हावरटासारखं बनवत सुटते."

"मग ते बनणंच बंद करा ना," शिवराम म्हणाला. कंपनीत एक व्हॉल्व्ह फिरवला की सगळं बंद होतं, त्याला तेवढंच माहीत.

"तसं औषध आहे. पण अशा गाठींवर त्याचं फारसं चाललं नाही. आत बनू दिलं नाही, तर पेशी बाहेरून ओढून घेते, खाण्यातून."

"कुठल्या खाण्यातून? मी बंद करतो."

"मटकीत असतं, मासळीत असतं, थोडंफार सगळ्यातच असतं. उपाशी ठेवू नका त्यांना. आजार फुप्फुसात उतरलाय. आता त्रास कमी करायचा, बस." मग म्हणाल्या, "वास मात्र घालवता येईल. तो जखमेतल्या जंतूंचा. तेही हेच पुट्रेसिन बनवतात." त्यांनी गोळ्या लिहून दिल्या. कुटून पूड करायची आणि पट्टी बदलताना जखमेवर टाकायची.

शिवरामने ते काम दुसऱ्या कुणाला करू दिलं नाही. काही दिवसांत प्रीती आत येऊन बसू लागली, सासूची वेणी घालू लागली. शेजारची बनूबाई चहाला आली. तीही म्हणाली, "वास नाही हो आता, सुटलीस बाई." जो तो नाक वर करून खात्री करून घ्यायचा आणि हसायचा. शिवरामही हसायचा. गाठ रोज हाताला मोठी लागत होती, ते कुणाला सांगणार?

"अहो, वास गेला म्हणजे आजार उतरला ना?" मोतीबाईने विचारलं.

"हो," तो म्हणाला.

तिने लगेच ट्रंक उघडायला लावली. भिक्खूंचा पावसाळ्यातला वर्षावास संपतो त्या आश्विन पौर्णिमेला तिला विहारात जायचं होतं, पांढरी साडी नेसून, सगळ्यांच्यात बसून. पांढरं ब्लाउज मात्र अंगात चढेना. "नवं टाका शिवायला," ती म्हणाली. कितीतरी महिन्यांनी तिने काही मागितलं होतं.

शिवराम जुनं ब्लाउज घेऊन मधू टेलरकडे गेला. मधूने टेप गळ्यात अडकवली आणि ब्लाउज टेबलावर पसरलं.

"मापाचंच ना, मामा?"

"डाव्या बाजूने सैल कर."

"किती?"

शिवरामने हाताने दाखवलं, मग हात आणखी लांब नेला, मग खाली घेतला. "तू जास्तच ठेव."

मधूने खडूने खूण केली. "पौर्णिमेला खूप वेळ आहे. आदल्या दिवशी घेऊन जा."

"आदल्या दिवशी नको. आज शिव."

"आज? एवढी काय घाई?"

शिवरामने स्टूल ओढलं आणि मशीनसमोर बसला. "तू शिव रे," तो म्हणाला. "मी इथंच बसतो."