रगतमास्तरांची फळी

आमच्या चित्रकलेच्या सरांना अख्खं गाव रगतमास्तर म्हणायचं. इतर शाळांतली पोरं फुलदाण्या काढत होती तेव्हा आम्ही जिवंतपणी सोलले जाणारे संत बघत होतो. नागपुरात शिकताना सरांना जुन्या पुस्तकांच्या बाजारात युरोपातल्या फ्लेमिश चित्रांचा एक जाडजूड ग्रंथ सापडला होता. शेकडो वर्षांपूर्वी लाकडी फळ्यांवर रंगवलेल्या ख्रिस्ती कथा. कुणाचं मुंडकं उडतंय, कुणाची आतडी रहाटावर गुंडाळताहेत. आधी बघवायचं नाही, मग आवडायला लागलं, हेही खरंच.

सर बौद्ध घरातले. ही परक्या देवाची चित्रं कशाला, असं कुणी विचारलं की म्हणायचे, "देव कोनाचा ते सोड. मार कोनाले पडून राह्यला ते पाह्य." मारेकऱ्यांपेक्षा त्यांचं बोट बघ्यांवर असायचं. एक जांभई देतोय, एक टोपी सावरतोय. त्या चित्रकारांनी पवित्र कथा आपल्याच गावच्या चौकात घडवली आणि बघे म्हणून शेजारीपाजारी उभे केले, हे ते फार प्रेमाने सांगत. एकाच फळीवर एकच माणूस तीनदा: मागे पकडला जातोय, मध्ये बांधला जातोय, पुढे मरतोय. आमच्या चित्रात बघ्याचा चेहरा कोरा राहिला की मात्र पट्टी बसायची.

आमचं गाव मारेगावपासून तासाभरावर. सर निवृत्त झाल्यावर दोनेक वर्षांनी गावातल्याच आठवडी बाजारात एका परक्या माणसाला मोटारपंपाचा चोर समजून खांबाला बांधलं. काठ्या झाल्या, बैलाचा कासरा झाला, शेवटी दगड. तो मेला. पोलीस आले तेव्हा सगळं गाव म्हणे घरी जेवत होतं.

दोन महिन्यांनी सरांनी ओसरीवर प्लायवूडची फळी टांगली. मागे तो माणूस एसटीतून उतरत होता, मध्ये पकडला जात होता, पुढे खांबाला रक्तबंबाळ लोंबत होता. भोवती आमचं गाव, नाकाडोळ्यांसकट. काठी माझ्या काकांच्या हातात.

काका कुऱ्हाड घेऊन निघाले. मागे दहाबारा जण, त्यात मीही. पण ओसरीपुढे सगळे आपापलं तोंड शोधू लागले. मला माझं सापडलं: हातात मोबाईल, तोंड उघडं. शेजारी सर स्वतः, हात खिशात. मला त्यांचा राग आला, आणि रागाहून जास्त भीती वाटली.

काकांनी फळी चिरली. सर आडवे आले तेव्हा दांडा त्यांच्या उजव्या मनगटावर बसला, मग बरगड्यांवर. हाड मोडल्याचं मी ऐकलं आणि तसाच उभा राहिलो.

यवतमाळच्या दवाखान्यात भेटायला गेलो, तर फौजदार जबाबाला आलेला. आधी त्या मेलेल्या माणसाचं लिहा, मग माझं, असं सरांनी त्याला बजावलं आणि डाव्या हाताने सही केली. तो गेल्यावर मला म्हणाले, "तुह्यं तोंड उघडं काढलं म्या. चुकलं तं नाही?"

"नाही, सर."

"मी बी होतो ना तिथं. एक शब्द नाही बोललो."

मोडलेल्या हाताने पुन्हा ब्रश धरला नाही. चार महिन्यांत सर गेले.

ते असतानाच मी पोलीस ठाण्यात जाऊन काकांचं नाव सांगितलं. घरात आता माझ्याशी कुणी बोलत नाही. बाजारातलं सगळं मोबाईलवर घेतलं होतं तर पुसलं का, असं फौजदाराने विचारलं. म्हटलं, साहेब, त्यात माझा आवाज होता. मी ओरडत होतो, "अजून हाना."