गवताच्या कंत्राटामागचं पान

प्रिंटरमधून निघालेल्या गरम कागदांचा वास आला की मला ते काका आठवतात. कॅलिफोर्नियातल्या एका पाणीपुरवठा संस्थेत आम्ही दोघंच मराठी. ते सगळ्यात जुने इंजिनिअर आणि मी बोर्डाची फाइल लावणारी. दर मीटिंगआधी बोर्ड मेंबरांना तीनेकशे पानांची फाइल जायची. एका विहिरीच्या पाण्यात आर्सेनिक वाढतंय, असा एकपानी रिपोर्ट काकांनी आणून दिला. "पुढे लाव गं, म्हणजे वाचतील," म्हणाले. मॅनेजरबाई म्हणाली, शेवटी टाक, 'फक्त माहितीसाठी'च्या भागात. मी तो गवत कापायच्या कंत्राटामागे लावला. पुढे ती विहीर बंद करावी लागली, आणि भरल्या हॉलमध्ये बोर्डाने काकांना उभं करून विचारलं, "आम्हाला कळवलं का नाही?" "कळवलं होतं, फाइलमध्ये आहे," काका म्हणाले. "कुठल्या पानावर?" काकांनी माझ्याकडे पाहिलं. पान मला पाठ होतं. मी मान खाली घालून मीटिंगचे मिनिट्स टाइप करत राहिले: इंजिनिअरना पान सांगता आलं नाही. महिन्याभरात त्यांना घरी बसवलं. आता मॅनेजर मी आहे, आणि कुठलं पान कुठे लावायचं हे मला कुणी सांगायची गरज पडत नाही.